मी काही केलं नाही

कराड,
गुरुवार, रात्री

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की मी, यावरून बाबांचं आणि माझं वाजलं. ते म्हणतात मी ठेवला. ठेवला असेल. आपल्या दोघांचं फोनवर जमतच नाही. तू नुसतं "हं" म्हणतोस आणि माझा आवाज वर्गातल्यासारखा चढतो. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी कुरिअरला दिलं की शनिवारी तुला मिळेल, म्हणजे कॉलेजातल्या सोमवारच्या चौकशीच्या आत. बाबांचं म्हणणं, लेखी काही देऊ नकोस, उद्या कुणाच्या हाती लागलं तर. नंदूमामाही तेच म्हणाला. तरी लिहितेय. तुला काही विचारायचं नाही, असं ठरवून बसलेय.

काल तू एकच वाक्य चार वेळा म्हणालास. "आई, मी तिथे होतो, पण मी काही केलं नाही." चार वेळा, मी मोजलं. सव्वीस वर्षं पेपर तपासून मोजायची खोड लागली आहे. रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आळ आलेला माणूस म्हणतो तेव्हा ते वाक्य त्याला सोडवतं, आणि बाजूला उभा असलेला म्हणतो तेव्हा तेच त्याला अडकवतं. मी काही केलं नाही. तुला यातलं कुठलं म्हणायचं होतं, हे तुझं तुलाही कळलं नसेल.

बघ, सुरू झाले मी.

तो रॅगिंगचा व्हिडिओ माझ्याकडे तुझ्या कुणा मित्राकडून आला नाही, आमच्या स्टाफच्या ग्रुपवर आला. मंगळवारी, तिसऱ्या तासानंतर. मी आवाज बंद ठेवूनच पाहिला, समोर बारावीची मुलं होती. चाळीस सेकंदांचा आहे. गच्ची, पाण्याची टाकी, टाकीच्या लोखंडी शिडीवर अर्ध्यात उभा केलेला बनियनवरचा पोरगा, आणि त्याच्या तोंडावर पाच-सहा मोबाइलचे उजेड. तो काहीतरी गात होता. मी फोन पालथा ठेवला आणि शेजारच्या मॅडमना म्हटलं, "कुणाची कार्टी आहेत ही? घरी काही वळणच लावलेलं दिसत नाही."

हे मी म्हटलं. तुझ्या आईने.

रात्री बाबांनी तोच व्हिडिओ आवाजासकट लावला. मी कोथिंबीर निवडत होते. शिडीवरचा मुलगा गातोय, कुणीतरी "जोरात, जोरात" म्हणतंय, आणि शेवटच्या सात-आठ सेकंदांत एकजण हसतो. तोंड दिसत नाही. हसतो आणि हसण्याच्या शेवटी उचकी लागल्यासारखा श्वास आत ओढतो. बाबांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "हे तर ओंकारचंच कॉलेज दिसतंय." मी कोथिंबिरीच्या काड्या भाजीत टाकल्या आणि पानं केरात.

तो पडल्याचं त्या व्हिडिओत नाही. मनगट मोडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. इथे तर काय काय चाललंय. पलीकडच्या काकू म्हणाल्या, पोरगा आयसीयूत आहे. भाजीवाल्याने गेलाच म्हणून सांगितलं. मी त्याला धरून बसवलं आणि म्हटलं, मनगट, फक्त मनगट. त्याचा विश्वास बसला नाही. मला बिहारचा भूकंप आठवला, १५ जानेवारी १९३४ चा. तिथल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या होत्या, १९३५ साली त्यावर लेख लिहिला. जिथे धक्का जाणवला पण घरं पडली नाहीत, तिथले लोकसुद्धा याहून मोठा भूकंप येणार, पूर येणार, असं एकमेकांना सांगत होते. पुढे अमेरिकेत फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाला तो लेख मिळाला आणि त्यातून त्याला एक गोष्ट सुचली: आधी भीती बसते, आणि मग तिला शोभतील अशी कारणं माणूस मागून गोळा करतो. १९५७ च्या त्याच्या पुस्तकाची सुरुवात आपल्या बिहारात आहे, हे मुलांना सांगताना मला दर वर्षी अभिमान वाटायचा. या आठवड्यात मात्र मी स्वतःच धक्का जाणवलेल्या पण पडझड न झालेल्या गावासारखी झालेय. भीती आधी आली. आता कारणं जमवतेय.

पहिलं कारण मला त्याच रात्री मिळालं, आणि ते माझ्याच विषयातलं होतं.

येल विद्यापीठात १९६१ मध्ये मिलग्रॅमने जो प्रयोग सुरू केला, तो तुला माहीत आहे. दहावीच्या सुट्टीत तू माझ्या नोट्स टाइप करून दिल्या होत्यास आणि 'व्होल्ट'ला सगळीकडे 'वोल्ट' लिहिलं होतंस. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साधी माणसं बोलावली, कारकून, विक्रेते, कामगार. शेजारच्या खोलीतल्या माणसाने उत्तर चुकवलं की शॉकचं बटण दाबायचं, पंधरा व्होल्टपासून चारशे पन्नासपर्यंत. तो माणूस नाटकातला, शॉक खोटा. तीनशेला तो भिंतीवर धडका देतो आणि मग गप्प होतो. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण मिलग्रॅमने आणखी एक नोंद केली होती. चाळिसांतले चौदा जण मध्येच हसायला लागले. तिघांना तर ते हसू आवरेचना, अंग हलायला लागलं. घाम फुटलेला, ओठ चावतायत, आणि हसतायत. मागाहून त्यांनी आवर्जून सांगितलं, हसलो म्हणजे आम्हाला मजा वाटत होती असं समजू नका.

रात्री दोन वाजता उठून मी ते पान शोधलं. चौदा हा आकडा पाहिला आणि देवापुढे दिवा लावावा तसं वाटलं.

कारण तुझं हसणं मला माहीत आहे रे. अण्णा गेले तेव्हा तू चौथीत होतास. ओसरीवर माणसं जमलेली, अण्णांना उचललं, आणि त्या शांततेत तू हसलास. असाच, शेवटी उचकी देऊन. सगळ्यांच्या माना वळल्या. मी सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली. मानसशास्त्राची प्राध्यापिका. रात्री तुझं अंग तापलं, तू झोपेत "अण्णांचा हात लोंबत होता" म्हणालास, आणि मला कळलं की ते हसू नव्हतंच. दुसऱ्या दिवशी माफी मागायची राहून गेली. ती दिवसांच्या गडबडीत राहिली, मग राहिलीच. आज मागते.

पण मी आई आहे तशी परीक्षकही आहे, आणि परीक्षक मला झोपू देत नाही. चौदा जण घाबरून हसले हे खरं. त्यांचं हसणं भिंतीपलीकडच्या माणसाच्या उपयोगाचं नव्हतं, हेही खरं. आणि तू आनंदातही असाच हसतोस. कुस्त्यांच्या मैदानात, ताईआत्याच्या कुत्र्याबरोबर, बाबांच्या कवितेवर. आवाजावरून मला ठरवता येत नाही. तीस वेळा ऐकला असेल.

विचारणार नव्हते.

आता जरा दुसरं. आमच्याकडे 'गुणारोपण' म्हणून एक प्रकरण आहे, मुलं त्याला 'गुणांचं लोणचं' म्हणतात. दुसऱ्याने काही वावगं केलं की आपण त्याच्या स्वभावात कारण शोधतो, स्वतःच्या वेळेला परिस्थितीत. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस या दोघांनी विद्यार्थ्यांना निबंध वाचायला दिले, काही क्युबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूचे, काही विरुद्ध. बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, त्याला नेमून दिलीय, असं स्पष्ट सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांना वाटलंच की बाजूने लिहिणारा मनातून थोडा तरी कॅस्ट्रोवाला असणार. दहा वर्षांनी रॉसने या खोडीला मूलभूत चूक असं नावच देऊन टाकलं.

मंगळवारी तिसऱ्या तासानंतर मला ती कार्टी वाटली, घरचं वळण नसलेली. त्याच रात्री दोन वाजता तीच परिस्थितीने कोंडलेली, घाबरलेली मुलं झाली. मधल्या बारा तासांत काय बदललं? एक उचकी ऐकू आली. इतकं स्वच्छ उदाहरण मला पुस्तकात कधी मिळालं नाही, आणि ते वर्गात सांगता येणार नाही.

जोन मिलर नावाच्या बाईंनी १९८४ मध्ये शिकागोतली आणि म्हैसूरमधली माणसं तपासली होती. कुणी चुकीचं का वागला, याला शिकागोची मोठी माणसं स्वभाव सांगायची आणि म्हैसूरची जास्त करून प्रसंग, नातं, कर्तव्य. लहान मुलांत फारसा फरक नव्हता, वय वाढेल तसा तो पडत गेला. म्हणजे आपण लोक माणसाकडे त्याच्या भोवतालासकट बघायला शिकतो म्हणे. मी हे दर वर्षी थोडं छाती काढून शिकवते. आपल्या गल्लीत मात्र तीन दिवस मी एकच शब्द ऐकतेय: संस्कार. कुणाला अजून माहीत नाही की तू तिथे होतास, म्हणून माझ्यासमोरच बोलतात. मी मान हलवते. हो, ओंकार, मी मान हलवते.

तू काल म्हणालास, "आम्हीपण फर्स्ट इयरला सोसलंय. त्यानेच तर हॉस्टेलची विंग एवढी एक झाली." त्या वाक्यावर मी ओरडले. ओरडायला नको होतं, कारण तुला ते मनापासून खरं वाटतंय आणि असं वाटतं हेही शास्त्रात बसतं. ॲरॉन्सन आणि मिल्स, १९५९. एका चर्चामंडळात यायचं तर काही मुलींना आधी लाज वाटेल असे शब्द मोठ्याने वाचायला लावले, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना त्या मंडळाची चर्चा ऐकवली, मुद्दाम रटाळ ठेवलेली. जिला जास्त लाजवलं होतं तिला ती चर्चा जास्त छान वाटली. नाही तर मनाला काय उत्तर देणार, की एवढं सोसलं ते या फालतूसाठी? आमच्या पुस्तकी मराठीत याला बोधनिक विसंवाद म्हणतात. तुझी आजी म्हणायची, नवसाने झालेलं पोर काळं असलं तरी गोरं दिसतं.

विंग चांगली नाही असं मी म्हणत नाही. टायफॉइडमध्ये त्या मुलांनीच तुला पेज करून घातली, मी विसरलेले नाही. पण ती त्या रात्रींमुळे चांगली झाली, की ती मुलंच चांगली होती? हे एकदा, त्यांच्यासमोर नको, एकट्याने विचार करून बघ.

फर्स्ट इयरची दिवाळी आठवते? तू नरकचतुर्दशीला आलास. अंघोळीला शर्ट काढायला तयार नव्हतास, दिवा लावून झोपायचास, पाठीवर ओरखडे. मी विचारलं तर म्हणालास, नाटकाची तालीम चालू आहे. नाटकाची! तू, शाळेत झाड झाला होतास आणि तेही विसरला होतास. माझा विश्वास बसला नव्हता. तरी मी "बरं" म्हटलं आणि चकल्या तळायला गेले, कारण तेल तापलं होतं. खरं सांगायचं तर तेल निमित्त होतं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि सांगितलं असतंस तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

तू त्या मुलाकडे बघत उभा असताना तुला ती तालीम आठवली का?

उपदेश नको म्हणतोस ना, मग तुला एक गोष्ट सांगते जी बाबा सोडून कुणाला माहीत नाही. तू लहानपणी विचारायचास, जांभळंवाले काका का येत नाहीत. ते आमच्या तेव्हाच्या कॉलेजात शिपाई होते, रोजंदारीवर. आषाढ लागायच्या आत पळसाच्या पानांचा द्रोण भरून जांभळं आणायचे, तू जीभ जांभळी करून आरशात बघायचास. एका दुपारी ऑफिसच्या कपाटातून फीचे पैसे गेले. किती, ते नको आता. आळ त्यांच्यावर आला. स्टाफरूममध्ये आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, या माणसाबद्दल कुणाला काही सांगायचंय का. आम्ही नऊ जण होतो. त्या दुपारी, नेमक्या त्या तासाला, ते काका माझ्याबरोबर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन पोस्टात आले होते. गठ्ठ्याच्या सुतळीने त्यांचं बोट कापलं होतं आणि मी माझा रुमाल दिला होता.

मी बोलले नाही. म्हटलं, बाकीचे बोलतील, पोस्टात जाताना कुणीतरी बघितलंच असेल. मग म्हटलं, मीटिंग संपल्यावर एकटीने जाऊन सांगू. माझी नोकरी तेव्हा कायम नव्हती. मीटिंग संपली, चहा आला.

ते चहाची कपबशी ठेवतानाही माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटतं त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, मला अवघड होऊ नये म्हणून.

त्याच आठवड्यात मी बारावीला बघ्यांचं प्रकरण शिकवत होते. न्यूयॉर्क, १३ मार्च १९६४, किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून, अडतीस जणांनी बघितलं आणि कुणी हललं नाही. वीस वर्षं मी हे असंच शिकवलं. पुढे कळलं की तो अडतीसचा आकडा फुगवलेला होता, तो छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच ते नंतर कबूल केलं. बहुतेकांना नीट दिसलंच नव्हतं, आणि एक शेजारीण तर जिन्यात धावत जाऊन शेवटपर्यंत तिला धरून बसली होती. त्या बाईचं नाव मी कधी फळ्यावर लिहिलं नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. सोफिया फरार. आता लिहिते.

पण त्या बातमीवरून डार्ली आणि लाटाने यांनी १९६८ मध्ये जो प्रयोग केला तो खराच आहे. शेजारच्या खोलीतल्या माणसाला झटके येतायत, इंटरकॉमवर त्याचा आवाज अडखळतोय. ऐकणाऱ्याला वाटलं की ऐकणारे आपण एकटेच, तर शंभरातले पंच्याऐंशी मदतीला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं, तर एकतीस. न उठलेले दगड नव्हते. संशोधक आत गेल्यावर त्यांनी आधी विचारलं, तो बरा आहे ना? हात थरथरत होते त्यांचे. जबाबदारी सगळ्यांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेली इतकी हलकी झाली की ती उचलायला कुणी वाकलंच नाही. मी हे शिकवत होते आणि माझ्या पर्समध्ये तो रुमाल होता, काकांनी धुऊन, घडी घालून परत दिलेला.

मागच्या महिन्यात कुणीतरी म्हणालं, ते ओगलेवाडीला मुलाकडे असतात. मी एसटीत बसले, ओगलेवाडीच्या स्टॉपला उतरले, रसवंतीच्या बाकावर थोडा वेळ बसले आणि परत आले. बाबांना सांगितलं, बँकेत गर्दी होती.

तेव्हा मला तुला शिकवायचा अधिकार नाही, हे मला कळतं. तरी शिकवतेय, सवय आहे.

सोमवारचं बोलू. नंदूमामा म्हणतो, विचारलं तर झोपलो होतो म्हणावं, सगळ्यांनी तेच म्हणायचं ठरलंय. त्याला हे कुणी सांगितलं? तू सांगितलंस ना? म्हणजे बारा जणांचं ठरलंय, आणि त्यात तू आहेस. बाबांनी १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा छापून आणला, कपाटाला लावलाय. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरला तर काढून टाकणं आणि पाच वर्षं कुठेच प्रवेश नाही. 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' या शब्दांखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली आहे. ते दूध घ्यायला फ्रिजकडे जाताना दर वेळी तिथे थांबतात. तुझ्याशी बोलत नाहीत म्हणून रागावलेत असं समजू नको. काल रात्री तुझ्या खोलीतला दिवा सुरू होता, बघितलं तर तुझी सहावीची वही घेऊन बसले होते, 'माझा आवडता पक्षी'.

तुला माझा रेघांचा तास आठवतो? तुला लहानपणी घरी कुणी नसलं की मी वर्गात मागच्या बाकावर बसवायचे. एका मुलीला हजेरीपट आणायला बाहेर पाठवायचे, बाकीच्यांना पढवून ठेवायचे, मग फळ्यावर एक रेघ आणि शेजारी तीन रेघा, लाल खडूने. यातली कुठली तिच्याएवढी? सगळी मुलं धडधडीत चुकीची रेघ सांगायची. ती मुलगी चष्मा काढायची, ओढणीने पुसायची, परत घालायची, आणि बारीक आवाजात तीच चुकीची रेघ सांगायची. एकदा तू मागून ओरडलास, "ए ताई, दुसरी आहे दुसरी!" पहिलीत होतास. माझा सगळा तास नासवलास. मी तुला बाहेर उभं केलं, आणि घरी येऊन अण्णांना तीन वेळा तीच गोष्ट सांगितली.

ॲशचा प्रयोग तो. एका मुलाने पेपरात 'राखसाहेबांचा प्रयोग' लिहिलं होतं, मी अर्धा मार्क दिला. एकटं असताना त्या रेघा कुणी चुकवत नाही, शंभरात एखादा. भोवतीचे सगळे चुकीचं बोलायला लागले की तिसऱ्या हिश्शाहून जास्त उत्तरं चुकायला लागतात. पण सात-आठ जणांत एकच जण खरं बोलणारा बसवला, तर चुका चौथाईवर येतात. एकच. मिलग्रॅमनेही करून बघितलं होतं, शेजारी बसवलेले दोघं मध्येच "आम्ही नाही करत" म्हणून उठले, तर चाळिसांतले चारच शेवटपर्यंत गेले.

तुमच्या बाराजणांत असा दुसरा कुणी असेल, आणि तो तुझ्या तोंडाकडे बघत असेल, असं मला सारखं वाटतं.

आणि हे लिहिताना दुसरी एक बाई माझ्यातच बसली आहे, ती म्हणतेय, गप्प रहा रे बाळा, झोपलो होतो म्हण, एक वर्ष राहिलंय, डिग्री घे आणि ये घरी. तिला मी हाकलू शकत नाही. तू झोपलो होतो म्हणालास तर मला आधी सुटल्यासारखंच वाटेल. हे तुला कळलेलं बरं. मग रात्री काय वाटेल, ते माझं मी बघीन.

त्या मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात कुणी नेलं, हे कुणीच सांगत नाही. बातमीत नुसतं 'सहविद्यार्थ्यांनी' असं आहे. तू असशील तर तसं काल का बोलला नाहीस? नसशील तर नसशील. मी उगीच तुला त्या रिक्षात बसवते, त्याचं डोकं तुझ्या खांद्यावर ठेवते आणि मग मला झोप लागते. हेही कारण जमवणंच.

त्याच्या आईचा विचार येतो. तिलाही व्हिडिओ आला असेल. तिने आवाज सुरू करून बघितला असेल. ती शेवटचे आठ सेकंद ऐकते तेव्हा तिला कुणाचं हसू ओळखीचं वाटत नसेल.

ओंकार, ते हसू तुझं होतं का?

विचारलंच शेवटी. उत्तर फोनवर देऊ नकोस, मी पुन्हा ओरडेन. मी रविवारी पहाटेच्या साडेपाचच्या स्वारगेट गाडीने येतेय. बाबांना सुट्टी मिळत नाहीये, मिळाली तर तेही. मेसच्या मावशींना सांग माझं जेवण नको, थालीपिठं आणि दही घेऊन येते. सोमवारी आत मला घेणार नाहीत, माहीत आहे. बाहेर एखादा बाक असेलच. तू आत काय बोललास ते मला लगेच सांगितलं नाहीस तरी चालेल.

गौरी जेवल्या त्या दिवशी तुझं पान मांडलं होतं. पुरणाची पोळी ताईआत्याने नेली, ती म्हणाली तू तिला रोज मेसेज करतोस. मला का नाही करत, असं विचारणार नाही.

जेवत जा. रात्री गच्चीवर जाऊ नका आता.

तुझी,
आई

ता. क. – बाबांनी तो व्हिडिओ फोनमधून काढून टाकायला सांगितलाय. काढलेला नाही. आज संध्याकाळी पुन्हा लावला, पण या वेळी हसणाऱ्याकडे लक्ष न देता शिडीवरच्या मुलाचं गाणं ऐकलं. दुसरं कडवं तो चुकतो, आणि चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तुझा निळा स्वेटर उसवलेला सापडला, विणून आणते.